मुक्कामी गाडी आणि मटकी

(ज्येष्ठ नागरिक संघात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय आणि मंडळी, फळ्यावर विषय लिहिलाय 'रात्रीच्या जेवणाचे आठवड्याचे नियोजन'. मागच्या रांगेतल्या पुरुषवर्गाला वाटलं असेल, चला, डुलकीची सोय झाली. खुशाल काढा. पण चौतीस वर्षं एसटीत वाहतूक नियंत्रक होतो आणि निवृत्तीनंतर आमच्या घरचा ओटा माझ्या ताब्यात आलाय, तेव्हा मी काही लवकर खाली बसत नाही.

मुक्कामी गाडी तुम्हाला ठाऊक आहे. पोरांना सकाळी सहाला कॉलेजला न्यायचं, तर गाडी आदल्या रात्रीच गावात जाऊन उभी राहायला हवी. सकाळी आगारात कितीही शिट्ट्या फुंकल्या तरी उपयोग शून्य. घेवड्याचं तसंच. आपला कोरेगावचा वाघ्या घेवडा, भौगोलिक मानांकन मिळालेला, मानकरी माणूस! पण सात-आठ तास भिजवून मग खळाखळा उकळल्याशिवाय तो वळणावर येत नाही, आणि अर्धकच्चा खाल्लात तर पोट बिघडलंच म्हणून समजा. संध्याकाळी सातला "आज काय करायचं?" असं विचारणाऱ्या घरात उत्तर आधीच ठरलेलं असतं. बटाटा.

आणि विचारलं तरी उत्तर काय येतं? "काहीही कर." खिडकीवर येऊन कुणी "कुठलंही तिकीट द्या" म्हणालं असतं, तर मी त्याला पाणी पाजून बाकावर बसवलं असतं. घरात मात्र हेच वाक्य समजूतदारपणाचं मानतात. मीही पस्तीस वर्षं म्हणत होतो. समोर आमच्या सौ. बसल्यात, म्हणून कबूल करतो.

आता मटकीचा किस्सा. (सभागृहातून: "झाला सांगून!") झाला असेल, पुन्हा ऐका. जानेवारीत व्याही जेवायला यायचे होते. मी आदल्या दिवशी दुपारी मटकी भिजवली, रात्री फडक्यात बांधली. उन्हाळ्यात दहा-बारा तासांत मोड डोकावतात. पण साताऱ्याची थंडी! सकाळी पाहतो तर मटकी तशीच, ढिम्म. मग मी पुरचुंडी माझ्या लोकरीच्या कानटोपीत घातली आणि टोपी फ्रिजच्या मागे, जिथे जरा ऊब असते तिथे ठेवली. कुणाला सांगितलं नाही, तीच चूक. संध्याकाळी व्याही आले. म्हणाले, "कान गार पडले हो." नातू आज्ञाधारक. "आजोबांची टोपी आणतो," म्हणाला आणि कुठून शोधली कोण जाणे, ती घेऊन आला. आत काहीतरी गरगरीत आहे, तर त्याला वाटलं गाठोडं काढायचं राहिलं असेल. त्यानं टोपी उलटी केली, फडकं सुटलं. मोड आले होते हो! अर्धा-अर्धा इंच, पांढरेशुभ्र. सगळे जाजमावर. व्याह्यांनी ओली टोपी घातलीसुद्धा, बिचारे काही बोलले नाहीत. सौ. एवढंच म्हणाल्या, "तुमची मुक्कामी गाडी घसरली वाटतं." आगारात एक गाडी नेहमी जादा ठेवलेली असते. ओट्यावरची जादा गाडी म्हणजे पिठलं. व्याह्यांनी दोनदा मागून घेतलं. अजून भेटले की आधी डोक्याला हात लावून बघतात.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं राहिली. मग मुद्द्याचं पटापट सांगतो. आठवड्याची सात जेवणं ठरवत बसू नका, फक्त भिजवणं ठरवा. कालनिर्णयच्या चौकटीत दुधाचे खाडे लिहिता ना, तिथेच 'घेवडा भि.' एवढं लिहा. आठवड्यात दोनदा पुरे. बाकी बाजार ठरवतो. रविवारी मंडई केलीत तर मेथी-पालक सोमवार-मंगळवारी संपवा, कोबी-दुधी बुध-गुरुवारी, सुरण-रताळं थांबायला तयार असतात. संकष्टी, एकादशी आधी बघा, नाहीतर नेमका उपवासाला भिजलेला वाल समोर यायचा. पावसाळ्यात भाजी महागते, त्यासाठी आपल्या आयांनी उन्हात सांडगे घालून ठेवलेच होते. एक रात्र रिकामी ठेवा, उरलंसुरलं आणि फोडणीची पोळी. पण शिजलेला भात रात्रभर ओट्यावर ठेवायचा नाही, जेवणं आटोपली की लगेच फ्रिजमध्ये.

आणि मागच्या रांगेला: भांडी घासली म्हणजे मदत झाली असं नाही. उद्या काय, हा प्रश्न डोक्यात वागवणं, कामातलं निम्मं ओझं तेच. झोपायच्या आधी नुसतं विचारा, "उद्यासाठी काय भिजवू?" पहिल्या रात्री बायको ताप बघेल.

घंटा झाली, थांबतो. वहिनी, तुम्हाला वालाच्या बिरड्याचं विचारायचं होतं ना? चहाला या. सोलण्याआधी कोमट पाण्यात टाकायचे, पण कढत नव्हे, ते सविस्तर सांगावं लागेल.