फर्ग्युसनचा पेच

मंडळी, ठासणीच्या बंदुकीत खरा वेळ खातो तो गज, म्हणजे गोळी नळीत ठासायची सळई. दारू ओतायची, गोळी टाकायची, गज उपसायचा, ठासायचं, गज परत जागेवर घालायचा. त्यात नळीला आतून पीळ असेल तर गोळी घट्ट बसते आणि अक्षरशः ठोकत खाली न्यावी लागते. साधी, गुळगुळीत नळीची मस्केट मिनिटाला तीन-चार वेळा उडायची. पिळाची रायफल अचूक खरी, पण फार संथ.

हे कोडं हाती घेतलं पॅट्रिक फर्ग्युसनने. जन्म १७४४, स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनशरच्या पिटफोर घराण्यातला. वडील न्यायाधीश, मामा लॉर्ड एलिबँक. पंधराव्या वर्षी घोडदळात भरती, पुढे पायदळात कॅप्टन.

मागून भरायची बंदूक ही मुळात त्याची कल्पना नव्हे. फ्रेंच प्रोटेस्टंट (ह्यूगनॉट) इझाक द ला शोमेतने इंग्लंडमध्ये १७२१ सालीच तिचं पेटंट घेतलं होतं. तिचं मागचं तोंड आटे पाडलेल्या पेचाने, म्हणजे स्क्रूने, बंद होई. अडचण होती काजळीची. काळी दारू जळली की मागे चिकट थर उरतो; तो आट्यांत बसला की पेच फिरेनासा होतो. फर्ग्युसनचं कर्तृत्व आहे ते इथे.

त्याचा पेच नळीच्या मागच्या टोकाला उभा, वरपासून खालपर्यंत आरपार जातो. चापाचं कडं हीच त्याची मूठ. पेचावर एकच आटा नाही, दहा-बारा आटे शेजारी शेजारी सुरू होतात. म्हणून चढ इतका तीव्र मिळतो की कडं एकदा पूर्ण फिरवलं की तोंड उघडतं, आणि पेच निघून हातात येत नाही. पेच वर किंचित निमुळता असल्यामुळे खाली सरकताच सैल होतो. आट्यांना छेदून उभ्या खाचा पाडल्या आहेत. खरवडलेली काजळी त्यांत जाते. आट्यांना मेण आणि चरबी लावायची, हे विसरलं तर पेच लवकर अडतो.

आता भरणं बघा. कडं फिरवा, बंदुकीचं तोंड जरा खाली करा, शिशाची गोळी वरच्या भोकातून सोडा. नळीचा व्यास साधारण ०.६५ इंच, गोळी त्याहून थोडी मोठी. ती घरंगळत पुढे जाते आणि पिळाच्या सुरुवातीला अडते. मागे दारू भरा, पेच बंद करा. जास्तीची दारू आपोआप वर ढकलली जाते, ती झटकायची. मग कानात, म्हणजे ठिणगी पडते त्या जागी, रंजक (पेटवणाची दारू). दारू मोजावी लागत नाही, कारण दारू बसते ती कोठीच मापाची आहे. आणि हे सगळं जमिनीवर पडून करता येतं!

१ जून १७७६ ला लंडनजवळच्या वूलिचला, पाऊस आणि सोसाट्याचा वारा चालू असताना, फर्ग्युसनने २०० यार्डांवरच्या लक्ष्यावर मिनिटाला चार गोळ्या या गतीने चार-पाच मिनिटं मारा केला. मग एका मिनिटात सहा. मग ताशी चार मैल चालत मिनिटाला चार. भरलेल्या बंदुकीत बाटलीभर पाणी ओतून सगळी दारू भिजवली आणि गोळी न काढता अर्ध्या मिनिटाच्या आत पुन्हा उडवून दाखवली. ठासणीच्या बंदुकीत ही अडकलेली गोळी उपसणं म्हणजे मोठंच काम असे. शेवटी उताणा पडून त्याने १०० यार्डांवरच्या लक्ष्याचा मध्य टिपला. एकूण हुकल्या त्या फक्त तीन. डिसेंबरात पेटंट मिळालं.

सैन्यासाठी बर्मिंगहॅमच्या चार कारागिरांकडून जेमतेम १०० नग झाले, एकाला ४ पौंड. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात, ११ सप्टेंबर १७७७ ला ब्रँडीवाइनच्या लढाईत, फर्ग्युसनचा उजवा कोपर फुटला आणि त्याची रायफलवाल्यांची तुकडी बरखास्त झाली. त्याने डाव्या हाताने काम शिकून घेतलं. ७ ऑक्टोबर १७८० ला किंग्ज माउंटनच्या लढाईत तो मारला गेला.

पण केवळ त्याच्या दुखापतीने रायफल मागे पडली असं मानणं मला पटत नाही. ते बहुआटे हाताने कापायचे आणि भोकातल्या आट्यांशी जुळवायचे, हे हजारोंच्या संख्येने करणं त्या काळच्या कारखान्यांच्या आवाक्याबाहेर होतं. दुसरा दोष लाकडाचा. पेचासाठी, चापासाठी आणि चकमकीच्या यंत्रासाठी दस्ता नेमका एकाच जागी कोरावा लागे. तिथे लाकूड पातळ उरे आणि चिरे. अमेरिकेत मॉरिसटाउनला जपलेल्या रायफलीवर याच जागी लोखंडी पट्टी मारून केलेली दुरुस्ती दिसते.