कन्सल्टंट नक्की करतो काय? मॅनेजमेंट आणि जाहिरातीतलं काम, मुंबईतल्या संधी

नमस्कार मंडळी!

कुठल्याही आरटीओबाहेर उभे राहा, चार पाट्या दिसतील. लायसन्स कन्सल्टंट, इन्शुरन्स कन्सल्टंट, व्हिसा कन्सल्टंट. त्यामुळे मुलीनं घरी ‘मला मॅनेजमेंट कन्सल्टंट व्हायचंय’ म्हटलं की आई विचारते, ‘म्हणजे एजंट का गं?’ प्रश्न अगदी रास्त आहे. आज त्याचंच उत्तर देते.

कंपनीचा एखादा प्रश्न घरातल्या घरात सुटत नाही, तेव्हा ती बाहेरचा माणूस बोलावते. विक्री का घटली, गोदामात माल का पडून राहतो, दोन विभाग एकत्र करावेत का. पहिल्या दिवशी कोणी सल्ला देत नाही. आधी लेखी ठरतं: प्रश्न कोणता, आठवडे किती, शेवटी हातात काय देणार, आणि कोणतं काम आपलं नाही. हा शेवटचा मुद्दा राहिला की काम चिघळतंच. मग आकडे मागवायचे, लोकांशी बोलायचं, एक्सेलमध्ये ताळा जमवायचा आणि मग सादरीकरण.

एक अनुभव सांगते. अंबरनाथ एमआयडीसीतला प्लास्टिकचा कारखाना. मालकांचं म्हणणं, ‘ऑर्डरी उशिरा जातात, मशीन कमी पडतंय. नवीन कोणतं घेऊ ते सांगा.’ आम्ही दोन शिफ्ट घड्याळ घेऊन मशीनपाशी उभे राहिलो. चालू असताना मशीन छान चालत होतं. पण एका मालावरून दुसऱ्यावर जाताना मोल्ड, म्हणजे साचा, बदलायला जवळजवळ तीन तास जात होते. प्रत्यक्ष बदलायला लागायचा सव्वा तास. बाकीचा वेळ? चेनपुली दुसऱ्या मशीनवर अडकलेली, पाने शोधायचे, आणि पुढचा मोल्ड अजून स्टोअरमध्येच. मशीन थांबायच्या आधी हे सगळं ट्रॉलीवर मांडून ठेवायला सुरुवात केली आणि नवीन मशीनचा विषय मागे पडला. या पद्धतीला एसएमईडी म्हणतात. शिगेओ शिंगो या जपानी इंजिनिअरनी ती घडवली, उद्योगात ती जुनी आहे.

पण मला आठवतो तो तिथला ऑपरेटर. त्याला हे सगळं आधीपासून माहीत होतं! जेवणाच्या सुट्टीत डबा उघडून बसलो होतो, तेव्हा म्हणाला, ‘मॅडम, आजवर कुणी विचारलंच नाही. तुम्ही मराठीत विचारलंत, म्हणून बोललो.’ अहवालात आम्ही त्याचं नाव घातलं. तुमचं इंग्रजी अडखळतं म्हणून या क्षेत्राला घाबरत असाल, तर हा प्रसंग लक्षात ठेवा. इंग्रजी शिकावं लागेलच, पण कारखान्यातली अर्धी माहिती त्या भाषेत मिळतच नाही.

आता जाहिरात. एजन्सीत क्लायंट सांभाळणारे वेगळे, कॉपी (म्हणजे मजकूर) आणि आर्टवाले वेगळे, कुठल्या माध्यमावर किती पैसे घालायचे ते ठरवणारे मीडिया प्लॅनर वेगळे. आणि अकाउंट प्लॅनर म्हणजे एजन्सीत बसून गिऱ्हाइकाची बाजू मांडणारा माणूस. हे पद १९६८ च्या सुमाराला लंडनमधल्या एजन्सींत सुरू झालं. सल्लागाराचं काम याच्या सगळ्यात जवळचं.

समजा, दादरचे एक मसालेवाले आहेत. त्यांना हायवेवर मोठं होर्डिंग हवंय. सल्लागार आधी विचारणार, तुमचा मसाला घेतं कोण, आणि कधी? आपल्याकडे वर्षाचा मसाला उन्हाळ्यात होतो. तेव्हा लालबागच्या मिरची गल्लीत पाय ठेवायला जागा नसते. ज्या काकू स्वतः मिरची पारखून कांडपाला देतात, त्या तुमचं पाकीट घेणार नाहीत. पण त्यांची बोरिवलीतली लेक? तिला चव आईच्याच हातची हवी, मात्र मिरच्या वाळवायला गच्ची नाही. तुमचं गिऱ्हाईक ती! मग होर्डिंगचे पैसे फेब्रुवारीपासूनच तिच्या मोबाईलवर, सोसायटीच्या लिफ्टपाशी आणि चाखून बघायच्या छोट्या पाकिटांवर खर्च करायचे.

आणि पाकिटावर ‘शंभर टक्के शुद्ध’ छापायचं असेल तर पुरावा हवा. जाहिरात क्षेत्राची स्वतःची नियामक संस्था, एएससीआय, १९८५ पासून मुंबईत आहे. शिवाय २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड होतो, पुन्हा केली तर ५० लाखांपर्यंत. क्लायंट नाराज झाला तरी हे त्याला सांगावंच लागतं.

नोकऱ्यांचं काय? खरं सांगते, सुरुवातीची पदं अवघड झालीत. स्लाइडचा पहिला मसुदा, कॉपीच्या दहा ओळी, ही नवख्यांची कामं आता एआय करतं. ऑम्निकॉम आणि इंटरपब्लिक या जगातल्या दोन बड्या जाहिरात कंपन्या २०२५ मध्ये एक झाल्या. अशा वेळी दुहेरी झालेली पदं कमी होतात. मोठ्या कन्सल्टिंग कंपन्या मोजक्याच संस्थांमधून मुलं घेतात. चर्चगेटची जमनालाल बजाज, १९६५ ची, त्यात आपल्या हाताशी आहे, प्रवेश सीईटीवर. ते जमलं नाही तर मी दुसरी वाट सुचवेन: आधी दोन-तीन वर्षं कारखान्यात, विक्रीत किंवा मीडिया बाइंगमध्ये, म्हणजे जाहिरातीची जागा विकत घेण्याच्या कामात, काढा. हातात एक विषय पक्का असलेल्या माणसाला सल्लागार कंपनी नंतरही घेते.

लहान उद्योगांकडेही बघा. केंद्र सरकारची एमएसएमई लीन योजना, म्हणजे लहान उद्योगांत वाया जाणारा वेळ आणि माल कमी करायची, २०२३ मध्ये नव्यानं आली. तिच्यात सल्लागाराच्या खर्चाचे ९० टक्के सरकार देतं. अंबरनाथ, डोंबिवली, तळोजा इथल्या युनिटमध्ये जाऊन मराठीत बोलणारी, घड्याळ घेऊन उभी राहणारी माणसं लागणार आहेत.

शेवटी, पहिल्या ऑफर लेटरबद्दल. त्यावर ‘कन्सल्टंट’ लिहिलंय म्हणून हुरळून जाऊ नका. पुष्कळदा ते पद नसतं, कराराचा प्रकार असतो. म्हणजे पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही, भरपगारी रजा नाही. ४०,००० ठरले असतील तर साधारणपणे १० टक्के टीडीएस कापून ३६,००० खात्यात येतात. वर्षाचा कर तेवढा होत नसेल, तर रिटर्न भरून फरक परत मिळतो, पण रिटर्न भरावं लागतं. माझ्या पहिल्या एजन्सीत मला हे कुणी सांगितलं नव्हतं, आणि दोन वर्षांचा परतावा मी मागितलाच नाही. सही करण्याआधी एचआरला एवढंच विचारा: मी पगारावर आहे की करारावर? उत्तर ईमेलवर घ्या.