फणी न लागणारे केस : पुली आणि कोमोंडोर यांच्या जटांची निगा

(दृश्य : गवताळ मैदान, चरणाऱ्या मेंढ्या, कळपाच्या कडेला बसलेला पांढरा कुत्रा.)

हंगेरीच्या पूर्व भागातील होर्तोबाजचे हे मैदान १९७३ साली राष्ट्रीय उद्यान झाले आणि १९९९ साली जागतिक वारसा यादीत गेले. मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून हा मुलूख मेंढपाळांचा आणि गुराख्यांचा आहे. लांब, पिळदार शिंगांच्या रात्स्का मेंढ्या येथे चरतात. उन्हाळ्यात सावलीला झाड नाही आणि हिवाळ्यात वारा अडवायला टेकडी नाही, अशा उघड्या माळावर मेंढ्यांबरोबर राबलेल्या दोन जातींच्या कुत्र्यांच्या अंगावर जटा वाढतात.

कोमोंडोर हा त्यांतील थोराड. नराची खांद्यापाशी उंची किमान ७० सेंटीमीटर आणि वजन ५० ते ६० किलो. त्याचे काम राखणीचे. कळपाजवळ निवांत पडून राहायचे आणि लांडगा किंवा चोर आला की थेट त्याच्या अंगावर जायचे. पुली त्याच्या मानाने अगदीच लहान, नर ४५ सेंटीमीटरच्या आतला आणि १३ ते १५ किलोचा. तो कळप हाकतो, वळवतो, मागे रेंगाळलेल्या मेंढीला पुढे घालतो. कोमोंडोर नेहमी पांढरा असतो, तर पुली बहुधा काळा. मेंढ्यांच्या गर्दीत काळे कुत्रे लांबूनही नजरेत भरते, म्हणून मेंढपाळांची त्या रंगाला पसंती होती.

समाजमाध्यमांवर या कुत्र्यांची चित्रे पाहणाऱ्याला फरशी पुसायचा मॉप आठवतो आणि त्यापाठोपाठ असाही समज होतो की, या केसांना कधी कुणी हात लावला नसावा. प्रत्यक्षात व्यवस्थित सुट्या, मुळापासून टोकापर्यंत सारख्या जाडीच्या जटा दिसल्या, तर त्यामागे कुणाच्या तरी बोटांची काही वर्षांची मेहनत आहे, हे खुशाल समजावे.

(दृश्य : पिल्लाच्या पाठीवरचे केस, अगदी जवळून.)

या कुत्र्यांच्या अंगावर दोन थर असतात. कातडीलगत मऊ, लोकरीसारखी दाट लव आणि तिच्यावर राठ, लांब, नागमोडी केस. इतर कुत्र्यांची लव ऋतू बदलला की गळून घरभर पसरते. येथे मात्र गळालेली लव बाहेरच्या राठ केसांत अडकून राहते, त्यांच्याभोवती गुंडाळली जाते आणि हळूहळू घट्ट वळत जाते. पिल्लू आठ-दहा महिन्यांचे होईपर्यंत त्याचे केस नुसते कुरळे आणि मऊ असतात. त्यानंतर एके दिवशी हात फिरवताना कातडीपाशी गाठी लागतात, आणि तेथून पुढचे काही महिने फार जपण्याचे असतात, कारण या गाठींकडे दुर्लक्ष झाले तर त्या एकमेकींना धरतात आणि अंगावर नमद्यासारखा सलग थर तयार होतो, ज्याच्याखाली हवा पोहोचत नाही आणि कातडी आतल्या आत खराब होऊ लागते.

(दृश्य : पुलीच्या कुशीवर चालणारी दोन बोटे.)

आता हे काम पाहा. कुत्रा कुशीवर पडलेला आहे. तळहाताएवढा एक गुंता दोन्ही हातांच्या चिमटीत धरला आहे आणि तो टोकाकडून कातडीच्या दिशेने, कापड फाडावे तसा, सावकाश उभा फाडला जात आहे. फाटताना बारीक आवाज होतो आणि थोडे केस तुटून हातात येतात. तेवढे तुटणे अपेक्षितच असते. एक हात मुळाशी घट्ट धरून ठेवतो, म्हणजे ताण कातडीवर येत नाही आणि कुत्रा तक्रार करत नाही. प्रत्येक जटेच्या बुडाशी साधारण नाण्याएवढी जागा राहील, या बेताने विभागणी केली जाते. फार बारीक केलेल्या जटा पुढे स्वतःच्याच वजनाने मुळातून निसटतात, आणि जाड ठेवल्या तर आत ओल धरतात. कानामागे, काखेत आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला गुंता सर्वांत लवकर होतो, म्हणून हात आधी तिकडे जातो. हे एकदा करून भागत नाही; मुळाशी नवे केस वाढतच असतात आणि शेजारच्या जटा पुन्हा जुळत असतात, त्यामुळे एक-दोन आठवड्यांनी सगळे अंग चाचपावे लागते. एकदा जटा धरल्या की फणी आणि ब्रश मात्र कायमचे बाजूला ठेवावे लागतात.

(दृश्य : टबात उभा असलेला कोमोंडोर.)

खरी परीक्षा आंघोळीची असते. कोरड्या जटा पाणी सहज आत घेत नाहीत आणि एकदा घेतले की सहज सोडत नाहीत. शाम्पू आधी पाण्यात पातळ करून जटांमध्ये मुठीने दाबत मुरवतात; चोळले तर गुंता वाढतो. मग स्वच्छ पाणी येईपर्यंत धुणे आणि पिळणे चालू राहते, कारण आत राहिलेला साबण कातडीला खाज आणतो. त्यानंतर एकेक जट टॉवेलमध्ये धरून पिळायची आणि कुत्र्याला पंख्यांसमोर किंवा ड्रायरच्या झोतात ठेवायचे. पुलीला वाळायला अख्खा दिवस लागू शकतो, कोमोंडोरला त्याहूनही जास्त. वरून कोरडी वाटणारी जट आतून ओली राहिली तर तिला बुरशी लागते आणि मग येणारा कुबट वास पुढच्या कितीही धुण्यांनी जात नाही. म्हणूनच जाणते पाळणारे आंघोळी बेताने घालतात, आणि कुत्र्याने चिखलात जाऊ नये याकडे अधिक लक्ष देतात.

किरकोळ वाटणारी कामेही असतात. तोंडाभोवतीचे केस प्रत्येक जेवणानंतर पुसावे लागतात, नाहीतर पांढऱ्या कोमोंडोरची हनुवटी पिवळी पडते. कानाच्या आत वाढणारे केस काढावे लागतात आणि पंजांच्या गादीमधले कातरावे लागतात. गवतातून आल्यावर कुसळे आणि गोचीड हाताने शोधावे लागतात, कारण इतक्या दाट केसांत ते डोळ्यांना दिसतच नाहीत.

कोमोंडोरच्या जातीच्या प्रमाण वर्णनात कमरेवरचे आणि मांड्यांमागचे केस सर्वांत लांब, म्हणजे २० ते २७ सेंटीमीटर, सांगितले आहेत. जमिनीवर लोळणाऱ्या जटा ही बरीचशी प्रदर्शनांची हौस आहे. माळावर राबणाऱ्या कुत्र्याला तेवढ्या लांबीची अडचणच होईल. पुलीची शुद्ध पैदास हंगेरीत एमिल राइत्शित्श या पशुवैद्यक प्राध्यापकांच्या पुढाकाराने १९१२ च्या सुमारास सुरू झाली. त्यापूर्वी कुत्र्याची पारख रूपापेक्षा कामावरून होत असे.

(दृश्य : आल्प्सचा उतार.)

इटलीच्या आल्प्समधला बेर्गामास्को जातीचा कुत्रा थोडा वेगळा आहे. त्याच्या अंगावर तीन प्रकारचे केस असतात आणि त्यांच्यापासून गोल जटांऐवजी चपटे पट्टे तयार होतात. वर्षभराच्या वयात ते एकदा नीट फाडून वेगळे केले की पुढे काम बरेच हलके होते. स्पेनमधल्या जलश्वानाची (स्पॅनिश वॉटर डॉग या जातीच्या कुत्र्याची) रीत तर याहून सुटसुटीत आहे. तेथे मेंढ्यांची लोकर कातरताना त्यालाही सोबत भादरून टाकण्याची प्रथा होती.

ही शेवटची रीत आम्हाला सर्वांत शहाणपणाची वाटते, विशेषतः मुंबई किंवा कोकणासारख्या दमट प्रदेशात असा कुत्रा आणण्याचे ज्यांच्या मनात आहे त्यांच्यासाठी. पावसाळ्याचे चार महिने जेथे माणसांचे कपडे वाळत नाहीत, तेथे कोमोंडोरच्या जटा वाळवत बसण्यात कुत्र्याचे भले नाही. अंगावरचे केस मशिनने आखूड ठेवल्याने त्याचे काही अडत नाही, मात्र अगदी कातडीपर्यंत उतरवल्यास उन्हापासून जपावे लागते. पुलीच्या बाबतीत आणखी एक मार्ग आहे. अमेरिकेतील प्रमाण वर्णनाने प्रदर्शनात जटा असलेला आणि ब्रशने मोकळे केस राखलेला, असे दोन्ही पुली मान्य केले आहेत. फक्त मोकळे केस निवडणाऱ्याने ब्रश फिरवण्यात खाडा होऊ देता कामा नये, कारण लव अडकायला आणि गाठी धरायला या केसांना फार दिवस लागत नाहीत.