जवळचा सर्व्हर, पण कुणाच्या जवळचा?

[दृश्य: विमानतळावरची खुर्ची, मांडीवर लॅपटॉप, पडद्यावर अर्धवट उघडलेलं पान]

समजा, पुण्याची एक इंजिनिअर फ्रँकफर्टला उतरलीय. वायफाय लागलंय, व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कशी सुरक्षित जोडणी) जोडलंय, तरी कंपनीची साइट रखडतेय. कंपनीचा एक सर्व्हर याच शहरात आहे. तिचा लॅपटॉप मात्र मुंबईच्या सर्व्हरशी बोलतोय.

काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. मुंबई-फ्रँकफर्ट हवाई अंतर सुमारे ६,५०० किलोमीटर. जाऊन-येऊन एका फेरीला किमान ६५ मिलिसेकंद गेलेच, आणि एका पानासाठी अशा बऱ्याच फेऱ्या होतात.

[दृश्य: नकाशावर फ्रँकफर्टहून पुण्याकडे जाणारी रेघ]

चूक चौकशीत आहे. साइटच्या नावावरून तिच्या सर्व्हरचा आकडी पत्ता, म्हणजे आयपी पत्ता, सांगणारी डीएनएस व्यवस्था पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये मांडली. त्यात मूळ विचारणारा कुठे बसलाय, हे पुढे कळवायची सोयच नव्हती. लॅपटॉप रिझॉल्व्हरला, म्हणजे त्याच्यासाठी पत्ता शोधून आणणाऱ्या सर्व्हरला, विचारतो; रिझॉल्व्हर कंपनीच्या डीएनएस सर्व्हरला. त्याला दिसतो फक्त रिझॉल्व्हर. आपल्या इंजिनिअरचा प्रश्न व्हीपीएनमधून पुण्याच्या रिझॉल्व्हरकडे गेला, म्हणून उत्तर आलं मुंबईचं.

[दृश्य: काळ्या पडद्यावर बाइंडची कॉन्फिग फाइल]

बाइंड या डीएनएस सर्व्हरच्या सॉफ्टवेअरमध्ये यासाठी ‘व्ह्यू’, म्हणजे विचारणाऱ्यानुसार वेगळी उत्तरं, असतात: युरोपातून विचारणा आली तर फ्रँकफर्टचा पत्ता, बाकीच्यांना मुंबईचा. बाइंड वरून खाली वाचतो आणि जुळलेला पहिला व्ह्यू धरतो. ‘बाकी सगळे’ चुकून वर लिहिलं, तर खालचे व्ह्यू वाया. हे नीट तपासाच.

२०१६ च्या आरएफसी ७८७१ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात आणखी एक वाट नोंदली आहे. रिझॉल्व्हर प्रश्नासोबत विचारणाऱ्याच्या पत्त्याचा काही भाग पाठवतो, आयपीव्ही४ प्रकारच्या पत्त्यात सहसा चारपैकी पहिले तीन आकडे. क्लाउडफ्लेअर कंपनीचा सगळ्यांसाठी खुला रिझॉल्व्हर १.१.१.१ गोपनीयतेसाठी हा भाग पाठवत नाही. मला ती भूमिका पटते.

आपल्या इंजिनिअरसाठी उपाय सोपा आहे. ऑफिसची आतली नावं तेवढी व्हीपीएनमधून विचारायची, बाकीची फ्रँकफर्टमधल्या रिझॉल्व्हरला. आणि टीटीएल, म्हणजे मिळालेलं उत्तर किती वेळ जपून ठेवायचं तो आकडा, बघायचा. तो ८६४०० सेकंद असेल, तर जुनं उत्तर दिवसभर चिकटून राहतं.

[दृश्य: लॅपटॉपशेजारी फोन]

तिच्या फोनमध्ये भारतातलं सिम रोमिंगवर आहे. रोमिंगचा डेटा बहुतेक वेळा आधी भारतातल्या मोबाइल नेटवर्ककडे परत जातो, मग इंटरनेटवर येतो. त्या फोनला मुंबईचाच पत्ता द्यायचा. त्याच्यासाठी जवळचा तोच.