आव्यात गेलेला घट

(व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

विषय जाहीर झालाय तो 'मध्ययुगीन तत्त्वज्ञान आणि वस्तूची एकता' असा. नाव भारदस्त आहे, प्रश्न मात्र कुंभाराच्या आव्यातला, म्हणजे भट्टीतला आहे. कच्चा घट आत जाताना काळपट असतो, भाजून निघतो तेव्हा तांबडा. आत गेला तोच बाहेर आला का?

हसू नका. या प्रश्नावर आपल्याकडे हजारेक वर्षं वाद चालला. समोर बसलेल्या बऱ्याच जणांनी न्याय-वैशेषिकांचं प्रवेशपुस्तक 'तर्कसंग्रह' केलाय, त्यामुळे ओळख थोडक्यात: परमाणू म्हणजे न तुटणारा सर्वांत सूक्ष्म कण, द्व्यणुक म्हणजे दोन परमाणूंची जोडी, अवयवी म्हणजे अवयवांनी बनलेली सबंध वस्तू. 'रूपादिचतुष्टयं पृथिव्यां पाकजमनित्यं च' ही ओळ आठवते ना? मातीच्या वस्तूंत रूपादी चार गुण 'पाकज', म्हणजे उष्णतेने उपजणारे, आणि अनित्य असतात. त्या 'पाकजं' मध्ये सगळी आग आहे.

वैशेषिक, म्हणजे परमाणुवादी दर्शनाचे लोक, म्हणतात, तो घट नाहीच. घटाचे अवयव एकमेकांना घट्ट चिकटलेले. ते सुटल्याशिवाय आतल्या परमाणूंपर्यंत अग्नी पोचणार कसा? म्हणून अग्नीच्या आघाताने परमाणूंत क्रिया होते, ते एकमेकांपासून विभक्त होतात, संयोग तुटतो, द्व्यणुक नष्ट होतं आणि पाठोपाठ घटही. सुट्या परमाणूंमधलं श्याम, म्हणजे काळं रूप जातं, रक्त, म्हणजे तांबडं रूप येतं. मग ज्याला त्या घटातलं पाणी प्यायचं आहे, त्याचं अदृष्ट, म्हणजे पूर्वकर्मांचा न दिसणारा संचय, परमाणूंना पुन्हा एकत्र आणतं आणि नवा घट तयार होतो. हा पीलुपाक, पीलु म्हणजे परमाणू. जुनं द्व्यणुक नष्ट झाल्यापासून नव्या द्व्यणुकात तांबडा रंग येईपर्यंत किती क्षण लागतात, याचा हिशेबही त्यांनी मांडला. कुणी नऊ म्हणे, कुणी दहा, कुणी अकरा! चौदाव्या शतकातल्या 'सर्वदर्शनसंग्रहा'त एक श्लोक आहे:

द्वित्वे च पाकजोत्पत्तौ विभागे च विभागजे।
यस्य न स्खलिता बुद्धिस्तं वै वैशेषिकं विदुः॥

पाकज गुणांच्या उत्पत्तीत ज्याची बुद्धी अडखळली नाही, तो खरा वैशेषिक. वर्गात तो श्लोक म्हटला की मुलं हसतात. हसतात म्हणजे पोचलंय.

नैयायिक, म्हणजे शेजारच्याच न्याय दर्शनाचे लोक, हे ऐकून घेतील थोडेच? ते म्हणतात, आव्याच्या भोकातून बघा, घट जागच्या जागी दिसतात. आकार तोच, संख्या तीच. खालचा घट विरघळला असता तर त्यावर रचलेले कोसळले नसते का? आणि घट घट्ट असतो हेच मुळात खोटं. तो सच्छिद्र आहे. भरलेला माठ बाहेरून पाझरतो, हात लावून बघा. पाणी बाहेर येऊ शकतं, तर अग्नी आत का जाऊ शकणार नाही? म्हणून घट न मोडता सबंध घटाचाच रंग बदलतो. हा पिठरपाक, पिठर म्हणजे भांडं. वैशेषिक बधत नाहीत. सुईच्या टोकाने घटावर ओरखडा काढला तर काही अवयव गेले, म्हणजे घट गेला, हे तुम्हीही मानता. तरी वरचे घट पडत नाहीत आणि आपण 'तोच घट' म्हणतो! हे उत्तर मला फार आवडतं.

आता जे अनेक वर्षं मनात आहे ते बोलतो. मी शिकलो तिथे तत्त्वज्ञानाचा वर्ग एका मजल्यावर होता, संस्कृतचा दुसऱ्या. तत्त्वज्ञानाच्या वर्गात एकेक फळी बदललेलं ग्रीक जहाज तेच राहतं का, हे शिकवलं, त्यावर निबंध लिहून घेतले. आव्याचं नाव निघालं नाही. संस्कृतच्या वर्गात आव्याची पानं होती, पण ते नऊ क्षण पाढ्यासारखे पाठ करायचे. हा 'तीच वस्तू म्हणजे काय' याचा वाद आहे, असं कुणी सांगितलं नाही. 'हे परीक्षेला येत नाही' म्हणून पुढे तीही पानं सोडून दिली. एका मजल्यावर प्रश्न होता, दुसऱ्यावर त्याची सर्वांत बारीक चर्चा होती, आणि मधला जिना कुणी चढलं नाही. आजही बहुतेक ठिकाणी हेच चाललंय, आणि मला ते सहन होत नाही.

चिठ्ठी आली आहे, दहाच मिनिटं उरलीत. मुख्य मुद्दा राहिलाच आहे, तो भरभर सांगतो.

दहाव्या शतकात नैयायिक उदयनाचार्यांनी वैशेषिकांचे जुने आचार्य प्रशस्तपाद यांच्या ग्रंथावर 'किरणावली' लिहिली, आणि बौद्धांच्या क्षणभंगवादाविरुद्ध 'आत्मतत्त्वविवेक'. बौद्ध म्हणत, प्रत्येक वस्तू क्षणोक्षणी नवी. त्यावर आपल्या, म्हणजे न्याय-वैशेषिक पक्षाचं आवडतं शस्त्र म्हणजे प्रत्यभिज्ञा: 'तोच हा घट' अशी ओळख पटते, म्हणून घट टिकतो. पण पीलुपाक मानला की आव्यातून आलेल्या घटाबद्दलची नेमकी तीच ओळख चुकीची ठरते. बौद्ध विचारणारच, तिथे ती फसली, तर इतरत्र का नाही फसणार? पिठरपाकवाल्यांचा आग्रह मला कळतो तो इथे.

दुसरं, पॅरिसात शिकवणारा तत्त्वज्ञ पीटर अबेलार, मृत्यू 1142. त्याच्या मते वस्तू म्हणजे तिचे अवयवच, त्यापलीकडे काही नाही. म्हणून एक अवयव वाढला किंवा घटला की ती वस्तू राहत नाही. 'काहीही वाढत नाही' हे त्याच्या पठडीतल्या नामवाद्यांचं मत यातूनच. वैशेषिकांची सुरुवात अगदी उलटी: अवयवी हा अवयवांहून वेगळा, नवा पदार्थ आहे. पण तो अवयवांच्या संयोगावर उभा, म्हणून संयोग गेला की तोही गेला. गृहीतकं विरुद्ध आणि निष्कर्ष एकच! याचा अर्थ दोष अवयवीच्या व्याख्येत नाही. दोघांनी न बोलता धरलेल्या एका अटीत आहे: टिकायचं तर सगळे अवयव तेच हवेत.

ती अट चौदाव्या शतकात पॅरिसच्याच बुरिदान या तत्त्वज्ञाने सैल केली. एकता तीन प्रकारची: सगळे अवयव तेच म्हणून, मुख्य अवयव तोच म्हणून, आणि अवयवांचा क्रम अखंड म्हणून. सेन नदी हजार वर्षं तीच, ती तिसऱ्या अर्थाने.

नैयायिकांना आव्यातला घट वाचवता आला. पण काठाचा टवका उडाला की तेही म्हणतात, घट गेला, खंडघट, म्हणजे टवका उडालेला वेगळा घट, जन्मला. आव्यात मी त्यांच्या बाजूचा आहे. टवक्याच्या बाबतीत बुरिदानच्या. आता प्रश्न घेऊ.