बंद दुकानाचा हिशेब

अध्यक्ष महोदय आणि व्यापारी बंधू-भगिनींनो,

२०२० सालचा गुढीपाडवा २५ मार्चला होता आणि देशभरातील टाळेबंदीही त्याच दिवशी सुरू झाली. ही तारीख आपल्यापैकी कोणी विसरले असेल असे नाही, पण या योगायोगाचा हिशेबाच्या दृष्टीने काय अर्थ होता, यावर फारसे बोलले गेले नाही. पाडवा हा साडेतीन मुहूर्तांपैकी एक. कापडवाला, सराफ, भांडीवाला, टीव्ही-फ्रीज विकणारा, हे सगळे मार्चच्या पहिल्या पंधरवड्यातच माल भरून ठेवतात, आणि हा माल बहुतेक उधारीवर किंवा बँकेच्या कॅश क्रेडिटवर, म्हणजे धंद्यासाठी मिळणाऱ्या खेळत्या कर्जावर, भरलेला असतो. म्हणजे शटर खाली आले तेव्हा दुकान मालाने गच्च भरलेले होते, घाऊक व्यापाऱ्याच्या बिलांचे वायदे डोक्यावर होते आणि गल्ल्यात मात्र आदल्या आठवड्याची किरकोळ विक्री तेवढी होती. पुढे २६ एप्रिलला अक्षय्य तृतीया आली, तीही बंद दारामागेच गेली. साडेतीनपैकी दोन मुहूर्त महिन्याभरात हातचे गेले.

मी लहान दुकानदारांचे आणि कारखानदारांचे हिशेब तपासतो. त्या वर्षी माझ्याकडे आलेल्या वह्या पाहून माझे एक मत बनले आणि आज मला तेवढेच सांगायचे आहे. लहान धंदा तोट्याने क्वचित बुडतो. तो रोकड संपल्याने बुडतो. ताळेबंदात चांगला नफा दिसणारी दुकाने दोन महिन्यांत बसली आणि वर्षानुवर्षे काठावर चालणारी तगली, हे दोन्ही मी पाहिले आहे. फरक ताळेबंदात सापडत नव्हता, तो रोजमेळात, म्हणजे रोजच्या रोकडीच्या वहीत, सापडत होता.

म्हणून साथीच्या काळात पहिला प्रश्न ‘विक्री कशी वाढवू’ हा नसतो. शटर खाली असताना रोज किती पैसे जातात, हा असतो. समजा, दुकानाचे भाडे १८,००० रुपये, दोन नोकरांचा पगार २४,०००, बँकेचा हप्ता १५,००० आणि वीज-फोन ३,००० आहे. महिन्याचे ६०,००० झाले, म्हणजे रोजचे २,०००. हातात ९०,००० असतील तर मालक म्हणतो, माझी ४५ दिवसांची सोय आहे. मग मी विचारतो, घरखर्च कुठे लिहिला? तो कोणीच लिहिलेला नसतो, कारण एरवी तो गल्ल्यातून नकळत जात असतो. घराचे ३०,००० धरले की रोजचे ३,००० होतात आणि ४५ दिवसांचे ३० उरतात. पहिली टाळेबंदी २१ दिवसांची जाहीर झाली होती. ती वाढत वाढत ३१ मेपर्यंत गेली, म्हणजे ६८ दिवस. हे गणित ज्यांनी पहिल्या आठवड्यात कागदावर मांडले, त्यांनी घरमालकाला आणि घाऊक व्यापाऱ्याला तेव्हाच फोन केले, न उघडलेली गाठोडी परत घेण्याची विनंती केली, अर्धे भाडे आता आणि अर्धे दिवाळीनंतर, असे काहीतरी ठरवून घेतले. पैसे पूर्ण संपल्यावर ज्यांनी फोन केले, त्यांना समोरून तितके गोड उत्तर मिळाले नाही. देणेकऱ्याने स्वतःहून, वेळेत आणि खरा आकडा सांगितला तर येणेकरी बहुधा थांबतो, असा माझा अनुभव आहे. तोंड लपवले की तो वकिलाकडे जातो.

सरकारी आणि बँकांच्या सवलतींबद्दल थोडे सविस्तर बोलावे लागेल, कारण तिथे पुष्कळांची गफलत झाली. रिझर्व्ह बँकेने २७ मार्चला हप्ते थांबवण्याची मुभा जाहीर केली, आधी मेअखेरपर्यंत आणि नंतर ऑगस्टअखेरपर्यंत. अनेकांनी तिचा अर्थ ‘सहा महिन्यांचे हप्ते माफ’ असा घेतला. हप्ता थांबला होता, व्याज थांबले नव्हते. दहा लाखांच्या कर्जावर १२ टक्क्यांनी सहा महिन्यांचे व्याज साठ-एकसष्ट हजार रुपये होते. व्याजावरचे व्याज पुढे परत मिळाले, पण ती रक्कम त्या मानाने अगदी किरकोळ होती. ज्याच्याजवळ रोकड होती त्याने हप्ता भरत राहणे शहाणपणाचे होते आणि ज्याच्याजवळ नव्हती त्याने सवलत घेणे शहाणपणाचे होते. शेजाऱ्याने घेतली म्हणून घेणारे मात्र फसले. मे २०२० मध्ये केंद्राने हमीसह आपत्कालीन कर्जाची योजना आणली. २९ फेब्रुवारीला जेवढे कर्ज शिल्लक होते त्याच्या २० टक्के नवीन कर्ज, तारण न देता, आणि पहिले वर्ष मुद्दल न फेडता. योजना चांगली होती. पण ‘आपल्या घराण्यात कोणी बँकेचे कर्ज काढले नाही’ असे अभिमानाने सांगणाऱ्या दुकानदाराला तिच्यात जागाच नव्हती, कारण शून्याचे २० टक्के शून्यच होतात. त्या दिवसांत अशा दोन-तीन वृद्ध व्यापाऱ्यांना हे समजावून सांगताना मला स्वतःलाच अपराधी वाटत होते. पथारीवाल्यांसाठी १ जूनपासून १०,००० रुपयांच्या खेळत्या भांडवलाची स्वनिधी योजना आली. तिला मात्र आधीच्या कर्जाची अट नव्हती.

उधारीचे दुखणे जुनेच. सूक्ष्म आणि लघु उद्योगाने दिलेल्या मालाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत आणि न दिल्यास रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे, असे २००६ चा कायदा सांगतो. हा कायदा वापरणारे थोडे, कारण मोठ्या कंपनीविरुद्ध दाद मागितली की पुढची ऑर्डर जाते. मी कोणाला तक्रारीचा आग्रह करत नाही. पण उद्यम नोंदणीचा, म्हणजे अशा उद्योगांच्या सरकारी नोंदणीचा, क्रमांक बिलावर छापून हा कायदा आपल्याला लागू आहे एवढे समोरच्याला कळवायला काय हरकत आहे?

आता एक उदाहरण जवळून पाहू. पुण्यात सदाशिव पेठेतील एका खाणावळीचे हिशेब माझ्याकडे असतात. चालवणाऱ्या बाईंचे गिऱ्हाईक म्हणजे स्पर्धा परीक्षांची मुले. महिन्याचे पैसे आगाऊ घ्यायची पद्धत. मार्चमध्ये मुले रातोरात गावी गेली आणि बाईंच्या हातात असलेले पैसे हे उत्पन्न नसून देणे आहे, हे त्यांना कोणी न सांगता कळले. त्यांनी वही घेऊन प्रत्येक मुलाच्या नावापुढे जेवलेले दिवस आणि राहिलेले दिवस लिहिले आणि एकेकाला फोन करून राहिलेल्या दिवसांचे पैसे परत हवेत का, असे विचारले. बहुतेक मुलांनी ‘ठेवा काकू, परत आल्यावर जेवू’ असे सांगितले. बिनव्याजी आणि बिनतारणाचे इतके सोपे भांडवल मी दुसऱ्या कोणाला मिळालेले पाहिले नाही, आणि ते मिळाले ते त्या फोनमुळे.

चूक त्यांचीही झाली. राज्यसेवेची पूर्वपरीक्षा ५ एप्रिलला व्हायची होती. ती झाली की मुले येतील, या आशेवर त्यांनी दोन महिने घालवले. ती परीक्षा पुढे ढकलली जात जात अखेर २१ मार्च २०२१ ला झाली. जूनमध्ये त्यांनी वाट पाहणे सोडले. पेठेत एकेकटी राहणारी म्हातारी माणसे पुष्कळ, त्यांच्याकडे स्वयंपाकाच्या बाई येईनाशा झालेल्या. तिथे डबे सुरू झाले. पहिला पंधरवडा मुलांचाच तिखट रस्सा आणि चार पोळ्या जात होत्या आणि निम्मे अन्न टाकले जात होते. मग दोन मऊ पोळ्या, वरण, भात आणि कमी तिखटाची भाजी असा डबा ठरला. दर मात्र मुलांचाच, ६० रुपये. मी हिशेब मांडला तेव्हा लक्षात आले की स्टीलचा डबा परत घेणे संसर्गाच्या भीतीने बंद झाले होते, रोजचे प्लास्टिकचे डबे विकत येत होते आणि डबे पोचवणाऱ्या मुलाच्या स्कूटरचे पेट्रोल कुणी धरलेच नव्हते. प्रत्येक डब्यामागे बाई पदरचे पैसे घालत होत्या. दर ८० रुपये केला. एकही गिऱ्हाईक तुटले नाही. २०२१ च्या एप्रिलमध्ये दुसरी लाट आली तेव्हा घरी विलगीकरणात असलेल्या कुटुंबांचे डबे फाटकाला अडकवण्याचे काम त्याच स्कूटरने केले.

पण सगळ्यांनाच असा मार्ग होता, असे मी म्हणणार नाही. मंडपवाला, बँडवाला, आचारी यांचा धंदा गर्दीवरच चालतो. लग्नाला ५० माणसांची आणि पुढे दुसऱ्या लाटेत २५ माणसांची मर्यादा आल्यावर त्यांना ‘बदला, नवीन काही करा’ असे सांगणे म्हणजे जखमेवर मीठ चोळणे होते. त्यांच्यापैकी जे तगले ते गोदामाचे भाडे वाचवून, सामान एकत्र ठेवून आणि गावाकडच्या शेतीवर भागवून. किराणावाल्यांचे चित्र उलटे होते. व्हॉट्सअ‍ॅपवर यादीचा फोटो घ्यायचा आणि माल बांधून ठेवायचा, एवढ्यावर त्यांची विक्री वाढली. पेठेतल्या आजोबांचे मोडी वळणाचे अक्षर लावता लावता पोरे मात्र रडकुंडीला येत.

बदलायचे, पण किती, हा प्रश्न मला पेणच्या मूर्तिकारांमुळे पडला. पेण-हमरापूर भागात गणपतीचे काम वर्षभर चालते. २०२० च्या जुलैमध्ये सार्वजनिक मूर्तीला चार फूट आणि घरगुती मूर्तीला दोन फूट अशी मर्यादा आली, तेव्हा मूर्ती बहुतेक तयार होत्या आणि चतुर्थी २२ ऑगस्टवर आली होती. मोठ्या मूर्तींत अडकलेले पैसे त्या वर्षी सुटणे शक्य नव्हते. २०२१ लाही तीच मर्यादा राहिली. २०२० च्या विसर्जनानंतर लगेच लहान साच्यांवर भर देणाऱ्यांचा हिशेब त्या वर्षी जमला. २०२२ मध्ये उंचीवरची मर्यादा उठली आणि मंडळे पुन्हा मोठ्या मूर्ती मागू लागली. अशा वेळी ज्याने मोठे साचे अडगळ म्हणून मोडीत काढले असतील त्याला नव्याने खर्च करावा लागणार, आणि ज्याने ते पोटमाळ्यावर झाकून ठेवले असतील त्याला फक्त धूळ झाडायची. साचा पोटमाळ्यावर ठेवायला रोजचे काही पैसे पडत नाहीत. भाड्याच्या गाळ्यात ठेवायला पडतात. ते किती पडतात, हे आधी लिहून पाहावे आणि मग मोडीत काढायचे की नाही, ते ठरवावे.

सदाशिव पेठेत मुले परत आली आहेत. बाईंच्या त्या वहीतले राहिलेले दिवस बहुतेकांनी जेवून फेडले. सात-आठ नावांपुढचे आकडे अजून तसेच आहेत. त्या मुलांनी परीक्षेचा नाद सोडला असावा. ती रक्कम उत्पन्नात घ्या, असे मी दर मार्चमध्ये त्यांना सुचवतो आणि त्या दर मार्चमध्ये नाही म्हणतात. त्यामुळे ताळेबंदात ती ‘देणे’ या सदरातच पुढे ओढली जाते.