तास वाटताना रस्ताही मोजा

[देवगोई घाट, सकाळ. उतरणीवर एक मोटारसायकल.]

अक्कलकुव्याहून मोलगीला जाणारा हा सातपुड्यातला देवगोई घाट. पाड्यापाड्यांवरच्या शाळांचे शिक्षक रोज सकाळी हा घाट चढतात. मोटारसायकलवरचे हे गुरुजी शाळेच्या गावीच मुक्कामाला असतात, आणि आज ते खाली उतरतायत. मागे बांधलेल्या पिशवीत शाळेचा प्रोजेक्टर आहे. चादरीत गुंडाळलेला, दोरीनं आवळलेला. तालुक्याच्या गावी शिक्षकांसाठी तंत्रज्ञानाचं प्रशिक्षण ठेवलंय. सहा तास, मोफत.

मोफत म्हणजे तज्ज्ञाचं मानधन दुसऱ्या कुणीतरी भरलेलं असतं. पेट्रोल गुरुजींच्या खिशातलं. शाळा दोन शिक्षकांची. त्यातले एक इथे घाटात, म्हणजे पहिली ते चौथीचे चारही वर्ग आज एकट्या मॅडमच्या पुढ्यात.

[तालुक्याचं सभागृह. खुर्च्यांच्या रांगा, हजेरीपट, सह्या.]

असे मोफत तास येतात कुठून? काही पुण्याच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेकडून जिल्ह्याच्या डाएटमार्फत, म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेमार्फत, तिथून तालुक्याच्या गटसाधन केंद्राकडे. काही स्वयंसेवी संस्थांकडून. आणि काही कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीच्या निधीतून. कंपनी कायदा २०१३ चं कलम १३५ सांगतं की ठरावीक आकाराच्या वरच्या कंपन्यांनी आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान २ टक्के समाजकार्यावर खर्च करावेत. त्याच कलमात आणखी एक वाक्य आहे: खर्च करताना कंपनीचं काम जिथे चालतं त्या परिसराला प्राधान्य द्यावं.

वाक्य साधं आहे, हेतूही चांगला. पण खानदेशात, म्हणजे जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांत, त्याचा परिणाम काय होतो, ते नकाशावर दिसतं. जळगावला एमआयडीसी आहे, धुळ्याला आहे, नवापूरलाही आहे. सातपुड्यातल्या धडगावला मोठा कारखाना नाही. मग धडगाव कुठल्या कंपनीचा परिसर?

[जुनं अमळनेर, रेल्वे स्टेशन. नंतर टेंभलीतला रस्ता.]

खानदेशाला तंत्रज्ञानाचं वावडं कधीच नव्हतं. विप्रोची सुरुवात १९४५ साली याच अमळनेरात झाली, वनस्पती तुपाच्या कारखान्यापासून. आणि शहादा तालुक्यातल्या या टेंभलीत २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातले पहिले आधार क्रमांक दिले गेले. पंतप्रधान मनमोहन सिंग त्यासाठी इथे आले होते.

अशी सुरुवात इथून होते, आणि पुढचा टप्पा दुसरीकडे जातो. तासांच्या वाटणीच्या वेळी हे कुणीतरी बोललं पाहिजे.

[रिकामा वर्ग. हिरवा फळा. एक निवृत्त केंद्रप्रमुख खडू हातात घेतात.]

हे निवृत्त केंद्रप्रमुख. केंद्र म्हणजे आसपासच्या शाळांचा गट, त्याचे ते प्रमुख होते. शिक्षक त्यांना नाना म्हणतात. धुळे आणि नंदुरबार एकच जिल्हा होता, तेव्हापासूनची त्यांची नोकरी. १ जुलै १९९८ ला नंदुरबार वेगळा झाला आणि नाना सातपुड्याच्या बाजूला राहिले. तासांचं गणित त्यांनी आमच्यासाठी फळ्यावर मांडलं. ते सगळंच्या सगळं दाखवतोय, कारण मुद्दा याच फळ्यावर आहे.

नाना म्हणतात, "समजा, तीन जिल्ह्यांना मिळून ६०० तास आले. आता वाटा."

पहिली रीत, जिल्ह्याला सारखे. प्रत्येकी २००. जळगावचे तालुके १५, म्हणजे एका तालुक्याला जेमतेम १३ तास. नंदुरबारचे ६, तिथे ३३. धुळ्याचे ४, तिथे सरळ ५०. तीन जिल्ह्यांना समान, पण चोपड्याच्या शिक्षकानं शिरपूरच्या शिक्षकाकडे बघायचं आणि गप्प बसायचं.

दुसरी रीत, लोकसंख्येनुसार. २०११ च्या जनगणनेत जळगाव ४२.३ लाख, धुळे २०.५ लाख, नंदुरबार १६.५ लाख. त्या हिशेबानं जळगावला ३२०, धुळ्याला १५५, नंदुरबारला १२५. त्याच जनगणनेत साक्षरता जळगावची ७८ टक्क्यांच्या आसपास, नंदुरबारची ६४. म्हणजे जिथे गरज जास्त, तिथे तास सर्वांत कमी.

तिसरी रीत, तालुक्याला सारखे. ६०० भागिले २५, प्रत्येकी २४ तास. रोज सहा तास धरले तर चार दिवस. ऐकायला ही सर्वांत न्यायाची वाटते.

"आणि इथंच फसगत होते," असं म्हणून नाना फळ्याचा उजवा भाग पुसतात.

[फळ्याचं जवळून दृश्य. दोन रकाने: सपाटी, डोंगर.]

सपाटीवरचा तालुका घ्या. शाळा मोठ्या, एकेका शाळेत सात-आठ शिक्षक. दोघे-तिघे एका दिवसासाठी गेले तरी शाळा चालते. सभागृहात ४० जण एकदम बसतात. प्रत्येकाला १२ तासांचं प्रशिक्षण द्यायचं, तर तज्ज्ञाचे १२ तास लागतात. २४ तासांत ८० शिक्षक.

आता डोंगरातलं एक केंद्र. दहा शाळा, प्रत्येक शाळा दोन शिक्षकांची. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पटसंख्या ६० पर्यंत असेल तर शिक्षक दोनच, आणि पाड्यावरच्या शाळेचा पट त्याच्या आतच असतो. दोघांना एकाच दिवशी बोलावलं तर शाळेला कुलूप. म्हणून आधी दहा जण, नंतर उरलेले दहा. तेच १२ तास दोनदा. २० शिक्षकांसाठी तज्ज्ञाचे २४ तास.

म्हणजे तालुक्याचा अख्खा वाटा एका केंद्रात संपला. आणि तालुक्यात केंद्र काही एकच नसतं.

नाना खडू ठेवतात. "एका शिक्षकामागं डोंगरात चौपट तास लागतात. बारा भागिले चाळीस करा, चोवीस भागिले वीस करा. मी काही वेगळं सांगत नाही."

या वाटणीत चौपटीचा हा हिशेब कुठेच धरला जात नाही. शिक्षकांची संख्या मोजतात, तालुके मोजतात, संगणक मोजतात. शाळेत दोनच शिक्षक आहेत, याला रकाना नसतो. आमच्या मते पहिला रकाना तोच हवा.

[शिंदखेडा तालुका. कपाशीच्या शेतालगतची शाळा. दारात एक आजी.]

"गुरुजी, आज शाळा शे का?" आजी विचारतात. नातू दप्तर घेऊन मागे उभा. शाळा आहे. सहा शिक्षकांपैकी एक प्रशिक्षणाला गेलेत, बाकीचे पाच जण वर्गांवर. सपाटीवर असं निभतं. इथल्या शिक्षकांनाही तासांची गरज आहे, आणि त्यांच्या वाट्यातून काढून डोंगराला द्या असं कुणाचं म्हणणं नाही. धुळे जिल्ह्यात लोकवर्गणीतून शाळाशाळांमध्ये प्रोजेक्टर आणि पडदे लागले, गावांनी त्यासाठी पैसे उभे केले. ती यंत्रं बंद पडू नयेत म्हणूनही शिक्षकाला शिकवावंच लागतं.

आणि जिल्ह्याच्या नावावरून डोंगर ठरत नाही. जळगाव म्हटलं की केळी आणि काळी जमीन डोळ्यांपुढे येते, पण चोपडा, यावल, रावेर या तालुक्यांच्या उत्तर टोकाला सातपुड्याचेच पाडे आहेत. शिरपूरच्या उत्तरेलाही तेच. साक्रीचा पश्चिम भाग तर थेट सह्याद्रीत शिरतो. जिल्ह्याच्या सरासरीत हे पाडे दिसतच नाहीत.

[नर्मदेचं पात्र. बोट. बोटीत शिक्षक, मांडीवर टॅबचा खोका.]

सरदार सरोवराच्या फुगवट्यामुळे अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांतल्या नर्मदाकाठच्या गावांना बोटीनं जावं लागतं. मांडीवरचा खोका भिजू नये म्हणून त्यावर रेनकोट टाकलाय. शिक्षकाच्या अंगावर मात्र नाही.

[टेकडीचा माथा. मोबाइल वर धरलेला हात.]

"मग प्रशिक्षण ऑनलाइन करा." प्रत्येक बैठकीत ही सूचना येते. २०२० पासून केंद्र सरकारचं शिक्षकांसाठीचं निष्ठा प्रशिक्षण दीक्षा या सरकारी ॲपवर आलं आणि राज्यभरातल्या शिक्षकांनी ते घरी बसून केलं. इथे ते घरी होत नाही. व्हिडिओ सुरू ठेवायचा तर टेकडी चढावी लागते, आणि टेकडीवर उभं राहून दोन तासांचा घटक पूर्ण होत नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० म्हणतं, प्रत्येक शिक्षकानं वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत. त्यात टेकडीवरच्या शिक्षकांना वेगळी सूट नाही. मग तासही त्यांच्यापर्यंत पोहोचायला हवेत.

[केंद्र शाळेचा वर्ग. दहा शिक्षक, जमिनीवर सतरंजी.]

आणि पोहोचले तर काय होतं, ते हे. प्रशिक्षण देणाऱ्या मॅडम घाट चढून वर आल्या आहेत. केंद्र शाळेत दहा शिक्षक बसलेत, दहा शाळांचे एकेक. दहाही शाळा आज उघड्या आहेत.

सुरुवात प्रोजेक्टरपासून. एका शाळेचा प्रोजेक्टर गेल्या पावसाळ्यापासून बंद होता. मॅडम तो उघडत नाहीत, आधी केबल बदलून बघतात. पडद्यावर निळा उजेड. बिघाड केबलमध्ये होता. शिक्षकांपैकी एक जण वहीत लिहून घेतात: "आधी केबल, मग रिमोटवर सोर्स."

पुढचा तास दीक्षा ॲपचा. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की धड्याचा व्हिडिओ उघडतो, हे सगळ्यांना माहीत होतं. नेटवर्क असेल तिथे तो उतरवून ठेवायचा, आणि मग नेटशिवाय वर्गात दाखवायचा, हे अर्ध्या लोकांना माहीत नव्हतं. तोच व्हिडिओ एका फोनमधून दुसऱ्या फोनवर नेटशिवाय पाठवता येतो, हे कळल्यावर वर्गात एकदम गलका होतो. दहा फोन, एकाच धड्याची देवाणघेवाण.

[शिक्षकांच्या हातातले फोन, जवळून.]

हे शिक्षक फोनला घाबरणारे नाहीत. शालेय पोषण आहाराची रोजची माहिती तेच भरतात, शाळेच्या आकडेवारीचं यू-डायस प्लस तेच भरतात, शिष्यवृत्तीचे फॉर्म तेच भरतात. नेटवर्क शोधत फिरून भरतात. तंत्रज्ञान त्यांच्याकडून माहिती घ्यायला रोज येतं. त्यांच्या वर्गासाठी काही द्यायला ते आज आलंय.

शेवटचा तास भाषेचा. पहिलीतली मुलं घरी पावरी किंवा भिली बोलतात, पुस्तक मराठीत. मॅडम शिक्षकांना फोनवर गोष्टी रेकॉर्ड करायला लावतात: आधी पाड्यावरच्या बोलीत, मग मराठीत. एक शिक्षक पावरी बोलणारेच आहेत. त्यांनी सांगितलेली कोल्ह्याची गोष्ट नऊ जण आपापल्या फोनमध्ये घेतात. तालुक्याच्या सभागृहात ४० जणांत हे झालं नसतं, कारण तिथे शिकवायचा आराखडा सगळ्यांना एकच असतो.

मुलांना याचा किती उपयोग झाला, ते वर्षाअखेर दिसेल.

[गटसाधन केंद्र. कपाटं, फायली, भिंतीवर वर्षाचं कॅलेंडर.]

आता कॅलेंडरकडे बघा. अनेक प्रशिक्षणं जून ते ऑगस्टमध्ये लागतात, कारण शाळा नुकत्याच सुरू झालेल्या असतात. नेमक्या त्याच महिन्यांत चांदसैली घाटात आणि देवगोई घाटात दरडी कोसळतात. डोंगरातले शिक्षक येऊ शकत नाहीत, नोंद होते "अनुपस्थित". राहिलेले तास मार्चअखेर संपवायचे असतात, म्हणून ते जिथे सभागृह तयार आहे आणि माणसं पटकन जमतात तिथे वळवले जातात. कागदावर तास पूर्ण. यात कुणाचा वाईट हेतू नाही. पण दरवर्षी तेच शिक्षक सुटतात आणि दरवर्षी त्यांच्याच नावापुढे अनुपस्थित लागतं, हे आम्हाला मान्य नाही.

नंदुरबार २०१८ पासून केंद्र सरकारच्या आकांक्षित, म्हणजे विकासात मागे राहिलेल्या, जिल्ह्यांच्या यादीत आहे, राज्यातल्या चार जिल्ह्यांपैकी एक. यादीत नाव असलेल्या जिल्ह्याचे तास पाऊस पडला म्हणून बाहेर जाऊ नयेत.

[नाना आणि तीन शिक्षक, ओट्यावर. मधे एक कागद.]

नानांनी आणि या शिक्षकांनी मिळून एका पानाचा तक्ता केलाय. त्यात केंद्रवार शाळा आहेत, दोन शिक्षकांच्या शाळा किती ते आहे, आणि शेवटी प्रत्येक केंद्राचा रस्ता कोणत्या महिन्यांत बंद असतो ते आहे. मागणी एवढीच की ६०० असोत की ६०, तास आधी केंद्राच्या नावावर टाकावेत, तालुक्याच्या नाही. दोन शिक्षकांच्या शाळा जिथे जास्त, तिथे दोन फेऱ्या धराव्यात. तज्ज्ञानं घाट चढावा, आणि त्याचा प्रवासखर्च तासांबरोबरच मंजूर व्हावा. एका केंद्राचे तास दुसरीकडे वळवायचे असतील तर आधी त्या केंद्रप्रमुखांची सही घ्यावी.

मोलगी आणि धडगाव भागातल्या केंद्रांसाठी त्यांनी दिवाळीनंतरचे आठवडे मागितलेत. रस्ते तेव्हा कोरडे असतात. फाल्गुनात भोंगऱ्या बाजार आणि होळ्या सुरू होतात, काठी गावच्या होळीला तर सगळा सातपुडा लोटतो. त्याआधी दोन्ही फेऱ्या झालेल्या असाव्यात, असं तक्त्याच्या तळाशी लिहिलंय. खाली दहा शाळांच्या वीस शिक्षकांच्या सह्या आहेत.